बिबट्यामुळे रीस्टार्ट

जुन्नर-आंबेगावात कॉम्प्युटर बिघडणं ही खासगी बाब नसते. मोटरसायकल बिघडली तर माणूस ती गुपचूप ढकलत नारायणगावला नेतो. विहिरीवरची मोटर जळाली तर रातोरात पिकअपमध्ये टाकून वाइंडिंगवाल्याकडे पोचवतो. पण घरातला कॉम्प्युटर आपला आपण बंद पडून आपला आपण चालू व्हायला लागला, की ते दोन दिवसांत गावाला कळतं, कारण त्याच्या पोटात गावाचं काही ना काही अडकलेलं असतं. कुणाचा सातबारा, कुणाच्या मुलीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म, कुणाच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेचा मजकूर. आमच्या कॉम्प्युटरमध्ये तर अख्खी यात्रा अडकली होती.

गावाचं नाव सांगत नाही. मागे एका वर्तमानपत्रात नाव घालून विजेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी लाइट गेली. ती नेहमीचीच गेली असणार, पण गाव मानायला तयार नाही. एवढंच सांगतो की आम्ही दोन तालुक्यांच्या शिवेवर आहोत. सातबारा जुन्नरचा, बाजार मंचरचा, आणि गच्चीवर गेलं की खोडदच्या महादुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. आणि आम्ही राहतो मळ्यात. गावठाणातल्या लोकांची विजेची लाइन वेगळी असते. आमच्या घराची तार शेतातल्या मोटरींच्याच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून येते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चैत्र म्हणजे आमच्याकडे यात्रांचा महिना. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला तिथे धावतात, आणि मागे राहिलेली यात्रा कमिटी वर्गणीच्या पावत्या घेऊन माझ्या ओट्यावर बसते. वर्गणीदारांची यादी, पाहुण्यांची यादी आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे बैलगाड्यांची यादी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढी वर्षं दम धरलेल्या गाडामालकाचं नाव यादीत एक नंबर खाली सरकलं तर तो थेट घटनापीठाच्या वरच्या कोर्टात जातो. ते कोर्ट म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष.

अध्यक्ष माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मी टाइप करत होतो, ते नावं सांगत होते. मालकाचं नाव, गाव, सोबत कुणाची जुगलबंदी, टोकन नंबर. यादी रंगात आली आणि पडदा काळा झाला. डब्यातला पंखा गपकन बसला, पुन्हा घोंघावला, एक बारीक ‘टीक’ झालं आणि कंपनीचं बोधचिन्ह हसतमुखाने समोर आलं.

“हे काय झालं, गुरुजी?”

“रीस्टार्ट झाला.”

“कुणी केला?”

“कुणी नाही. आपोआप झाला.”

अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची वर्गणीच विचारली. सोसायटीची निवडणूक तीनदा लढवलेला माणूस तो. आपोआप काही होतं यावर त्यांचा विश्वास नाही. दार लोटून घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, “पलीकडच्या पॅनेलचं कुणी इथं येऊन गेलं व्हतं का?”

तेव्हापासून निदानं सुरू झाली. माझं निरीक्षण असं आहे, की कॉम्प्युटरचा रोग डॉक्टरच्या धंद्यावर ठरतो. राजकारण्याला त्यात कट दिसतो. दुकानदाराला मदरबोर्ड दिसतो. आमच्या मातोश्रींना ऊन दिसलं. “दुपारच्याला बंद पडतोय म्हणजे तलखी बाधली त्याला. ओलं फडकं टाक वरून.”

फडकं मी टाकलं नाही, पण निदान अडाणी नव्हतं. डब्यातला प्रोसेसर तापला आणि पारा शंभर अंशांच्या आसपास गेला की तो जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा गठ्ठा असतो, त्यावर पंखा. त्या पात्यांत धूळ बसली की वारा आत शिरत नाही. म्हणून डबा उघडला. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या कॉम्प्युटरात निव्वळ धूळ निघते म्हणतात. आमच्याकडे शेतीचं वार्षिक उत्पन्न निघालं. पलीकडच्या पडवीत कांदा साठवलेला, त्याची गुलाबी टरफलं पंख्याला चिकटलेली. उसाचं पाचट जाळल्याची काळी राख. पिठाच्या गिरणीतून येणारं पांढरं पीठ. आणि खाली कोपऱ्यात, वायरींच्या गुंत्याआड, पालीची दोन अंडी, शेंगदाण्याएवढी, एकमेकांना चिकटून बसलेली. त्या माउलीने तालुक्यातली सर्वांत उबदार जागा शोधली होती. सायकलच्या पंपाने फुसफुस करून धूळ उडवली. “द्राक्षाचा ब्लोअर आणू का?” असं शेजारच्या बागायतदाराने आपुलकीने विचारलं. ट्रॅक्टरला जोडलेला तो ब्लोअर लावला असता तर कॉम्प्युटर घोड नदीच्या पलीकडे जाऊन पडला असता.

रॅमची पट्टी काढून सोनेरी कडा खोडरबराने घासून पुन्हा बसवली. हा भारतीय उपाय आहे आणि तो निम्म्या वेळा लागू पडतो, असं सगळे दुरुस्तीवाले सांगतात. उरलेल्या निम्म्या वेळी ते मदरबोर्ड सांगतात.

डबा लख्ख झाला. संध्याकाळपर्यंत नीट चालला. मातोश्रींनी विजयी मुद्रेने चहा दिला, तो मी तोंडाला लावला आणि पडदा काळा.

पुतण्या हिंजवडीत असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे नक्की कशात ते आमच्या भावालाही सांगता येत नाही. त्याला फोन लावला. पहिला प्रश्न आला, “काका, रीस्टार्ट करून बघितलं का?”

“अरे, तो स्वतःच करतोय. सारखा.”

मग त्याने मला विंडोजच्या पोटात उतरवलं. विंडोजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ नावाच्या चौकटीत एक बरोबरची खूण आधीपासून करून ठेवलेली असते. यंत्र कोसळलं तर कारण दाखवणारा निळा पडदा क्षणभर झळकवायचा आणि लगेच रीस्टार्ट करायचं, असा त्या खुणेचा अर्थ. खूण काढली की निळा पडदा तसाच थांबतो आणि त्यावरचा संकेतांक वाचता येतो. खूण काढली. कॉम्प्युटर पुन्हा रीस्टार्ट झाला. निळा पडदा आलाच नाही.

“इव्हेंट व्ह्यूअर उघडा, काका.”

उघडला. त्यात क्रमांक ४१ ची लाल नोंद. तिचा मथितार्थ एवढाच, की मागच्या खेपेला यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं आहे. पुढे कारणाचा संकेतांक, शून्य.

“शून्य म्हणजे?”

“म्हणजे काय झालं ते विंडोजलाच माहीत नाही.”

मागून मातोश्री म्हणाल्या, “एवढं तर मलाबी म्हाईत व्हतं.”

खरं तर तो शून्य फार बोलका होता. विंडोज स्वतः गडबडलं असतं तर शून्याच्या जागी काही आकडा पडला असता. शून्य पडला म्हणजे विंडोज बिचारं कामात असताना पायाखालची वीजच गेली. पण पुतण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. तो म्हणाला, “फॉरमॅट मारू या.”

फॉरमॅट मारायचा म्हणजे यात्रेची यादीही मारायची. अध्यक्षांनी तो ठराव बैठकीविनाच फेटाळला.

सॉफ्टवेअरवाल्यांना उगाच नावं ठेवू नयेत. रीस्टार्टची साथ त्यांच्या बाजूनेही येऊन गेलेली आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा जंतू इंटरनेटवरून पसरला. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीचे क्लास तेव्हा गावोगावी नवे नवे निघालेले. त्या जंतूने गाठलेल्या मशीनवर खिडकी उघडायची आणि ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. शून्याला यंत्र रीस्टार्ट. जंतूच्या पोटात बिल गेट्ससाठी निरोपही लिहिलेला होता, की पैसे कमवणं थांबवा आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करा. पण काही म्हणा, त्या जंतूला रीत होती. मिनिटभर आधी सांगून तो जायचा. आमच्या कॉम्प्युटरने ‘येतो’ म्हणायचीही तसदी घेतली नाही.

अलीकडे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट सोडलं आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. विमानं अडकली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या गिऱ्हाइकांना काय सांगितलं असेल? रीस्टार्ट करून बघा, पंधरा वेळाही करावं लागेल. जगातली एवढी मोठी कंपनी आणि आमचा पुतण्या यांचं औषध एकच. फरक डोसाचा.

तालुक्याच्या गावच्या दुकानात डबा नेला. तिथे दुकानाच्या लाइटवर तो दिवसभर आज्ञाधारकपणे चालला. दुकानदाराने तरीही मान हलवून “मदरबोर्ड” म्हटलं. आजारी माणूस डॉक्टरकडे गेल्यावर ठणठणीत दिसतो, म्हणून डॉक्टर काही तपासायची फी सोडत नाही. डबा घरी आणला, जोडला, आणि तो पुन्हा घरच्या वळणावर गेला.

मग झिरो वायरमन आला. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागदोपत्री कुठेही नसलेला, पण खांबावर नेहमी असलेला माणूस म्हणजे झिरो वायरमन. त्याने टेस्टर खुपसला, जीभ टाळूला लावून ‘टक’ आवाज काढला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमची अर्थिंग वाळलीय.”

हेही निदान हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घराच्या मागे खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पट्टीला अर्थिंग म्हणतात. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की ती नावापुरती उरते. डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळेच. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी तुळशीला पाणी आणि त्यानंतर अर्थिंगला पाणी असा क्रम लागला. मुंग्या थांबल्या. रीस्टार्ट चालूच.

शेवटी रोग धरला तो मोटर वाइंडिंगवाल्याने. कॉम्प्युटर त्याने उभ्या आयुष्यात उघडलेला नाही. तो जळालेली मोटर परत करायला शेजारी आला होता. त्याने आमची सगळी कर्मकथा ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “कधी पडतोय बंद, ते लिवून ठिवलंय का?”

कुणी लिहिलं नव्हतं. हिंजवडीपासून तालुक्यापर्यंत कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, रीस्टार्टच्या वेळा पडू लागल्या. आणि दुसऱ्या आठवड्यात चित्र उघडं पडलं. पहिल्या आठवड्यातल्या वेळा दिवसाच्या, दुसऱ्यातल्या रात्रीच्या. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आलटून-पालटून येते. एक आठवडा दिवसा ८ तास, एक आठवडा रात्री १० तास. थ्री फेज आली, की आमचा कॉम्प्युटर गेला. मिनिटाचा फरक नाही.

वाइंडिंगवाला ओट्यावर बसून समजावू लागला, आणि मी इतकं सोपं विद्युतशास्त्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. पाच एचपीची मोटर चालू असताना सात-आठ अँपिअर खाते. पण सुरू होताना, जडशीळ चाक पहिल्यांदा फिरवताना, तीच पाच-सहा पट ओढते, म्हणजे चाळीसच्या पुढे. आमची डीपी १०० केव्हीएची, तिची ताकद फेजला साधारण १३५ अँपिअर. तीन मोटरी एका क्षणी सुरू झाल्या की डीपी काठोकाठ भरली. आमच्या डीपीवर मोटरी आहेत दहा-बारा.

“पण सगळे एकदमच कसे सुरू करतील? प्रत्येकजण आपापल्या वेळेला विहिरीवर जाणार ना?”

वाइंडिंगवाला हसला. “जातंय कोण विहिरीवर? समद्या ऑटोवर हाईत.”

स्टार्टरला ऑटोस्विच बसवलेला असला की लाइट गेली तर मोटर थांबते आणि लाइट आली की आपोआप सुरू होते. त्यामुळे थ्री फेज आल्याबरोबर मळ्यातल्या सगळ्या मोटरी एकाच श्वासात उठतात. दिवे मंदावतात, पंखे आळसावतात, आणि अधूनमधून डीपीच जळते. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन वीज कंपनी दर उन्हाळ्यात करते. आवाहन ऐकून सगळे मान डोलवतात आणि घरी जातात. मोटर ऑटोवर असल्यामुळे विहिरीवर जायचं काम नसतं.

शेतकऱ्याच्या बाजूने एक सांगायला हवं. हा आळस नाही. रात्री दोन वाजता आलेल्या लाइटसाठी उसाच्या बांधावरून बॅटरी घेऊन चालत जायचं म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावात सांगायची गरज नाही. उसात बिबट्या आहे. अधूनमधून येतो असा नाही, तिथेच राहतो. मादी उसात विते, पिल्लं उसात वाढतात. त्यांच्या लेखी तेच जंगल. आणि ऊस एवढा आला तो कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे, अशी पाच धरणं. माणिकडोहला तर धरणही आहे आणि बिबट्यांचं निवारा केंद्रही, म्हणजे कारण आणि परिणाम एकाच शिवारात. तर धरणामुळे पाणी, पाण्यामुळे ऊस, उसामुळे बिबट्या, बिबट्यामुळे ऑटोस्विच, ऑटोस्विचमुळे डीपीवर झटका, आणि झटक्यामुळे माझा कॉम्प्युटर रीस्टार्ट.

हे मी पुतण्याला फोनवर सविस्तर सांगितलं. त्यांच्या कंपनीत कुठलाही बिघाड झाला की मूळ कारण शोधून ते एका ओळीत लिहावं लागतं म्हणे. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “काका, म्हणजे मूळ कारण म्हणून मी बिबट्या लिहू?”

“धरण लिही. बिबट्याची बदनामी आधीच फार झालीय.”

आता राहिला डब्यातला भाग. कॉम्प्युटरच्या पाठीमागे एसएमपीएस नावाचा चौकोनी डबा असतो. तो भिंतीतली वीज घेतो, चाळतो आणि आतल्या मंडळींना वाढतो. त्यातल्या कंडेन्सरमध्ये थोडी वीज साठलेली असते, त्यावर तो छोटा खंड निभावून नेतो. किती छोटा? चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एक आवर्तनसुद्धा पुरतं चुकलेलं त्याला सोसत नाही. अध्यक्षांना हे पहिल्याच झटक्यात पटलं. शर्यतीच्या घाटात सेकंदाच्या शंभराव्या भागावरून ते रात्र रात्र भांडलेले आहेत. असले दोन भागसुद्धा न टिकणारं यंत्र त्यांच्या नजरेतून मात्र उतरलं. “आपल्या घोडीलाबी यापरीस जास्त दम हाय,” ते म्हणाले.

“मग यूपीएस कशासाठी घेतला?” हा प्रश्न साहजिक होता. यूपीएस होता. कॉम्प्युटरबरोबरच आलेला, टेबलाखाली धूळ खात, वर नातवाचं दप्तर. आणि खरा घरभेदी तोच निघाला. त्याचं काम असं, की व्होल्टेज पडलं की क्षणात कॉम्प्युटरला बॅटरीवर घ्यायचं. तो ते इमानाने करत होता. फक्त त्याची बॅटरी केव्हाच वारली होती. मोटरींचा झटका आला की यूपीएस चालू लाइटचा हात सोडून मेलेल्या बॅटरीचा हात धरायचा. तो नसता तर कॉम्प्युटर एखादवेळी तगलाही असता.

आणि बंद पडलेला कॉम्प्युटर पुन्हा आपोआप चालू का व्हायचा? त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या भागात, एक सोय असते. लाइट गेल्यावर परत आली तर काय करायचं? बंदच राहायचं की सुरू व्हायचं? आमच्या डब्यात ‘सुरू’ करून ठेवलेलं होतं. वाइंडिंगवाल्याला मी ती ओळ पडद्यावर दाखवली आणि मराठीत सांगितली. त्याने चष्मा वर केला. “आवं, ह्योबी ऑटोवर हाय की!”

दुरुस्ती चहा निवायच्या आत झाली. यूपीएसला नवी बॅटरी घातली. बायोसमधला ऑटो काढला. खांबावरचा जंपर ढिला होता, तो झिरो वायरमनने आवळला. त्या जंपरवर रात्री बारीक निळी ठिणगी उडायची, पोरं ती बघायला गच्चीवर जायची. तारांवरच्या असल्या ठिणग्या रेडिओ लहरी सोडतात आणि खोडदच्या शास्त्रज्ञांना त्यांचा चांगलाच त्रास होतो. तिथल्या दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभारायला हा भाग निवडला तो इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी म्हणून. तिच्या शांततेपायी पुणे-नाशिक रेल्वेचा ठरलेला मार्गसुद्धा बदलायची वेळ आली. ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण सिग्नल या तबकड्यांनी पकडला, असं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. ८.८ अब्ज वर्षं चालून सिग्नल नारायणगावला सुखरूप पोचतो, आणि ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावरच्या डीपीवरून आमच्या घरापर्यंत २३० व्होल्ट पोचत नाहीत. यात दोष अंतराचा नसावा.

कॉम्प्युटर आता थ्री फेज आली तरी ढिम्म असतो. यूपीएस एकदा ‘पीं’ करतो, दिवे मंदावतात, यादी जागेवर राहते. मातोश्रींची मात्र नवी तक्रार आहे. पूर्वी लाइट आली की आपला आपण चालू व्हायचा, आता बटण दाबायला माणूस लागतो, म्हणजे शिकलेल्या लोकांनी चांगली चालती वस्तू बिघडवून ठेवली.

बैलगाड्यांची यादी छापून झाली, शर्यती झाल्या, घाटाचा राजा ठरला. त्यानंतरच्या कमिटीच्या बैठकीत वाइंडिंगवाल्याने एक सूचना मांडली. चांगल्या ऑटोस्विचमध्ये उशिराची सोय असते, लाइट आल्यावर किती वेळाने मोटर उठवायची ते ठरवता येतं. तेव्हा डीपीवरच्या सगळ्यांनी बैलगाड्यासारखं टोकन घ्यावं आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकेका मोटरीची बारी सोडावी. सूचना सर्वांना पटली. अध्यक्षांनी टाळी दिली. त्यानंतर पहिल्या नंबराचं टोकन कुणाचं, यावर चर्चा सुरू झाली आणि बैठक तहकूब झाली. ती अजून तहकूबच आहे.

तोवर मळ्यात राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ लागला तर मदरबोर्ड बदलण्याआधी वेळा लिहून ठेवा, दोन-तीन वर्षं झालेली यूपीएसची बॅटरी बदलून टाका, आणि थ्री फेजची वेळ झाली की फाइल सेव्ह करा. बॅटरी घ्यायला जाल तेव्हा दुकानदार मदरबोर्डचं नाव काढेल. ऐकून घ्यावं आणि बॅटरी घेऊन यावं.